कपात कुणाची, हे आधी लिहून ठेवलंय का?

प्रश्न असा आला आहे: "जगभरात पाण्याचं व्यवस्थापन कसं चालतं याचा अभ्यास सुरू केला आहे. कुणी म्हणतं बाजारावर सोपवा, कुणी म्हणतं सरकारच्या हातात हवं, कुणी म्हणतं लोकांच्या समित्यांकडे द्या. खरोखर चांगलं कोण करतं, नेमकी कुठली पद्धत चालते आणि मी सुरुवात कुठून करू?"

तिन्ही पद्धती चालताना मी पाहिल्या आहेत आणि तिन्ही तोंडघशी पडतानाही. म्हणून 'कुठली पद्धत' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. माझी नोकरी नद्यांचे विसर्ग मोजण्यापासून सुरू झाली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं पाणीवाटपाच्या आराखड्यांत गेली. आता कुठल्याही खोऱ्याचा करार किंवा कायदा हातात आला की मी मागची पानं आधी उघडतो. उद्दिष्टं आणि तत्त्वं सगळीकडे सारखीच गोड असतात. मला बघायचं असतं ते एवढंच: पाणी कमी पडलं तर कपात कुणाची, किती, कुठल्या खुणेला सुरू होणार आणि ती जाहीर कोण करणार? हे भरल्या वर्षात लिहून ठेवलं असेल तर बाजार असो की सरकार, गाडं बऱ्यापैकी चालतं. लिहिलं नसेल तर पहिल्याच मोठ्या दुष्काळात सगळे वकिलाकडे धावतात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोवर हे नीट समजतं, कारण चूक आणि दुरुस्ती दोन्ही एकाच नदीवर दिसतात. १९२२ साली सात राज्यांनी करार केला. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला ७५ लाख. (एक एकरावर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट, सुमारे १,२३३ घनमीटर.) १९४४ च्या तहात मेक्सिकोला आणखी १५ लाख कबूल केले. बेरीज १ कोटी ६५ लाख. गोम अशी, की करारासाठी ज्या वर्षांची मोजमापं धरली ती नेमकी ओली वर्षं निघाली. ई. सी. ला रू नावाचा सरकारी जलवैज्ञानिक तेव्हाच सांगत होता की नदीत एवढं पाणी नाही. त्याचा आकडा कुणालाच नको होता, कारण त्यात सगळ्यांच्या मागण्या बसत नव्हत्या. २००० नंतर लीज फेरीपाशी, म्हणजे वरचं आणि खालचं खोरं जिथे वेगळं धरतात तिथे, नदीचा नैसर्गिक प्रवाह सरासरीने सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपास आहे. शिवाय खालच्या राज्यांना पाणी पुरवणाऱ्या धरणाच्या मीड जलाशयावरून वर्षानुवर्षं जे पाणी वाफ होऊन उडत होतं, ते खालच्या राज्यांपैकी कुणाच्याच खाती पडत नव्हतं.

पण आकडा चुकला ही मला मूळ चूक वाटत नाही. वीस-तीस वर्षांच्या नोंदींवर शंभर वर्षांचा करार केला की आकडा चुकणारच. फसगत झाली ती वाटप हिश्श्यात न करता ठोक मापात केल्यामुळे. ठोक माप लिहिलं की प्रत्येकाला ते आपलं वाटतं आणि तूट मात्र कुणाचीच नसते.

दुरुस्ती यायला ८५ वर्षं लागली. २००७ च्या नियमांत एक साधा तक्ता आहे. मीड जलाशयाची पातळी १,०७५ फुटांखाली जाणार असं दिसलं की खालच्या राज्यांची कपात ३ लाख ३३ हजार एकर-फूट, १,०५० खाली ४ लाख १७ हजार, १,०२५ खाली ५ लाख. पहिल्या टप्प्यात ३ लाख २० हजार एकट्या ॲरिझोनाचे, १३ हजार नेवाडाचे, कॅलिफोर्नियाचं शून्य. हा अन्याय वाटेल, पण त्यामागे सौदा आहे. १९६८ साली ॲरिझोनाला वाळवंट ओलांडून मोठा कालवा काढायचा होता, त्यासाठी संसदेत कॅलिफोर्नियाची मतं हवी होती, आणि मोबदल्यात त्या कालव्याचा नंबर कॅलिफोर्नियाच्या मागे लावून घेतला गेला. २०१९ च्या पुरवणी कराराने कपात आणखी वाढली. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली तेव्हा ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांना फटका बसला, पण कुणाचं किती जाणार यावर वाद घालायला जागाच नव्हती. आकडे चौदा वर्षं कागदावर होते. जुलै २०२२ मध्ये मीड १,०४० फुटांपर्यंत उतरलं, म्हणजे क्षमतेच्या साधारण २७ टक्के. तक्ता तोकडा पडला हे खरं, पण तो नसता तर काय झालं असतं याची कल्पना मला करवत नाही.

हिश्श्याची पद्धत बघायची तर स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जा. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तिथल्या कॅथेड्रलच्या दरवाज्यासमोर आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी काळे डगले घालून गोलात बसतात. शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो: या कालव्याविरुद्ध कुणाची तक्रार? तक्रार नसेल तर मंडळी पाच-दहा मिनिटांत उठतात. असेल तर वादी-प्रतिवादी उभ्याउभ्या तोंडी बोलतात, वकील नाही, आणि कुणी बोलायचं ते अध्यक्ष पायाने खूण करून सांगतो. ज्या कालव्याचं भांडण, त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. निकाल तिथल्या तिथे. युनेस्कोने २००९ मध्ये ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आणि तेव्हापासून बघ्यांची गर्दी वाढली आहे. पण बघ्यांना न दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. तिथलं माप आहे 'फिला', आणि फिला म्हणजे अमुक इतके लिटर नव्हे. तुरिया नदीत त्या वेळी जे काही वाहत असेल त्यातला वाटा. नदी निम्मी झाली की प्रत्येकाचा फिला आपोआप निम्मा होतो. कपातीसाठी बैठक बोलवावी लागत नाही. शिवाय ते आठही जण स्वतः त्याच कालव्यांवर शेती करणारे. चुकीचा निकाल दिला तर पुढच्या पाळीला त्याच बांधावरून जायचंय.

मात्र या गोष्टीचे फार गोडवे गाऊ नका. आठ कालवे, एक नदी, एकमेकांना ओळखणारी माणसं, एवढ्या आवाक्यात हे चालतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या व्यवस्थांच्या अभ्यासाबद्दल, आणि त्यांनीही सीमा स्पष्ट असणं, वापरणाऱ्यांनीच देखरेख करणं, दंड टप्प्याटप्प्याने वाढवणं अशा अटी मांडल्या आहेत. लोकांवर सोपवा म्हणणारे या अटी सोयीस्कर विसरतात.

हिश्शाची कल्पना हजार किलोमीटर लांबीच्या खोऱ्यात नेता येते का? ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंगमध्ये तेच केलं. १९९५ मध्ये उपशाला कमाल मर्यादा घातली. मग पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून वेगळा केला. हक्क म्हणजे साठ्यातला कायमचा हिस्सा. दर वर्षी १ जुलैला नवं जलवर्ष सुरू होतं आणि धरणात किती आहे ते बघून जाहीर होतं की या हक्कावर यंदा इतके टक्के. पाऊस झाला तर हंगामात आकडा वाढतो. १९९७ ते २००९ च्या दीर्घ दुष्काळात काही प्रकारच्या हक्कांवर चक्क शून्य टक्के जाहीर झालं. आणि तेव्हा बाजाराने काम केलं. भाताच्या शेतकऱ्याने आपल्या वाट्याचं थोडंबहुत पाणी फळबागवाल्याला विकलं. भाताखालचं क्षेत्र जवळपास संपलं, पण बागा वाचल्या आणि खोऱ्यातल्या शेतीचं एकूण उत्पन्न पाण्याच्या प्रमाणात कोसळलं नाही.

बाजाराचे समर्थक इथे थांबतात. मी थांबू देत नाही, कारण खरी शिकवण पुढे आहे. मर्यादा घालताना वाटलेल्या परवान्यांपैकी कितीतरी कधी वापरलेच जात नव्हते. तिथले लोक त्यांना 'स्लीपर' म्हणतात, झोपलेले परवाने. पाणी विकता येतं म्हटल्यावर ते खडबडून जागे झाले. जे पाणी आजवर नदीतच राहत होतं ते विक्रीला आलं. पुढे २०१२ च्या खोरे आराखड्यात वर्षाला २,७५० गिगालिटर (एक गिगालिटर म्हणजे शंभर कोटी लिटर) नदीला परत द्यायचं ठरलं आणि त्यासाठी सरकारने स्वतःच वाटलेले हक्क पैसे मोजून विकत घेतले. उत्तरेकडे तर पुराचं पाणी शेततळ्यात वळवून घेण्याचं मोजमापच नव्हतं. २०१७ मध्ये तिथल्या चोरीचे आरोप चव्हाट्यावर आले, २०१८ मध्ये न्यू साउथ वेल्सला वेगळा नियामक नेमावा लागला, आणि त्या वर्षअखेर व जानेवारी २०१९ मध्ये मेनिंडीपाशी डार्लिंगमध्ये लाखो मासे तडफडून मेले. बाजार चांगला की वाईट, हा वाद मला निरर्थक वाटतो. मर्यादा घट्ट आणि मीटर खरे असतील तर बाजार उपयोगी. नसतील तर तो गळक्या पिंपाला बसवलेला नळ आहे.

आता ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त पैसा वाया जाताना पाहिला ती सांगतो, आणि जरा सावकाश सांगतो, कारण हे एकदा कळलं की निम्मे अहवाल वेगळ्या नजरेने वाचाल. जगात नद्या, तलाव आणि जमिनीखालून जेवढं पाणी काढलं जातं त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. म्हणून प्रत्येक सरकारला सुचतं ते असं: शेतकऱ्याला ठिबक द्या, कालव्याला अस्तर लावा, पाणी वाचेल, ते शहराला देऊ.

एका शेताचा हिशेब मांडू. शेतकरी पाटातून १०० घेतो. पीक ५५ पिऊन हवेत सोडतं. १० बांधावर, मातीवरून उडून जातं. उरलेलं ३५ मुरतं, आणि त्यातलं बरंचसं खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा नदीत परत येतं. आता ठिबक बसवलं. शेतकरी ७० घेतो, पीक ६३ पितं, कारण ओल सारखी राहिल्याने ते जोमाने वाढतं. खालच्या विहिरीला जायचं ते ३५ वरून ५-७ वर आलं. कागदावर बचत ३०. ती ३० शहराला दिली, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेतकऱ्याने त्यात नवं क्षेत्र भिजवलं, तर खोऱ्यातून हवेत जाणारं पाणी वाढलं. विहिरीवाला ओरडत येतो तेव्हा अधिकारी सांगतो, 'तुमच्या नावावर पाणी नव्हतंच.' ठिबक वाईट नाही; त्याने उत्पन्न वाढतं, खत वाचतं, पंपाची वीज वाचते. पण खोऱ्याच्या पातळीवर पाणी वाचलं असं म्हणायचं असेल तर हवेत जाणारं पाणी कमी झालेलं दाखवा. बाकी सगळी एका खिशातून दुसऱ्या खिशात बदली.

हे कागदी उदाहरण वाटत असेल तर कॅलिफोर्नियातला ऑल-अमेरिकन कालवा पाहा. मेक्सिकोच्या सीमेला खेटून वाळूतून जाणारा मातीचा कालवा. त्याचा एक मोठा तुकडा अस्तर लावून नवा केला, बचत वर्षाला ६७,७०० एकर-फूट, आणि ती सॅन दिएगोच्या भागाकडे गेली. पण वर्षानुवर्षं जो पाझर 'वाया' जात होता त्यावर पलीकडच्या मेहिकाली खोऱ्यातल्या विहिरी चालत होत्या. खटले झाले, काम झालंच. त्याच भागात शेतातलं वाहून जाणारं पाणी आटल्याने सॉल्टन सी नावाचं सरोवर आक्रसलं आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ गावांवर उडायला लागली. वाया जाणाऱ्या पाण्यावर कोण जगतं, हे विचारल्याशिवाय मी आता कुठल्याही बचत योजनेवर सही करत नाही.

यावर लगेच प्रश्न येतो की हवेत गेलेलं पाणी मोजणार कसं? उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचं बाष्पोत्सर्जन बऱ्यापैकी काढता येतं. तरी जमिनीवरचं मोजमाप सुटत नाही, आणि ते किती नाजूक असतं हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

नदीचा विसर्ग रोज मोजत नाहीत. रोज फक्त काठावरच्या गेजपट्टीवर पातळी वाचतात. अधूनमधून दोर बांधून, पात्राचे वीसेक भाग पाडून, प्रत्येक भागात खोलीच्या सहा दशांशावर मीटर सोडून वेग घेतात, भाग आणि वेग यांचा गुणाकार करून विसर्ग काढतात, आणि अशा अनेक मोजण्यांवरून पातळी-विसर्गाचा वक्र बसवतात. पुढचं सगळं त्या वक्रावर. एका ठिकाणी पावसाळ्याच्या ऐन भरात सलग अकरा दिवस सेंटिमीटरपर्यंत सारखीच पातळी नोंदलेली मी पाहिली. गेजवाचकाने घरी बसून वही भरली असं मी धरून चाललो. जाऊन पाहतो तर पुरात पट्टीचा खालचा तुकडाच वाहून गेलेला. त्याने दोनदा कळवलं होतं, कुणी आलं नाही, त्याचा पाच महिन्यांचा पगारही थकला होता. तरी तो रोज जाऊन पुलाच्या खांबावरच्या एका शेवाळी रेघेवरून अंदाज घेत होता. ते अकरा दिवस आमच्या वार्षिक सरासरीत गेले, सरासरी धरणाच्या आराखड्यात गेली. त्या अकरा दिवसांचा विसर्ग एका रेघेवर उभा होता. खोऱ्याच्या बैठकीत दशांश चिन्हापुढे दोन आकडे लिहिलेले दिसले की मला अजून तो खांब आठवतो.

भूजलात तर पट्टीही नसते. म्हणून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं शेरिडन-सिक्स हे छोटं उदाहरण मला फार आवडतं. ओगलाला जलधराचा, म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या मोठ्या पाणीसाठ्याचा, उपसा तिथे अनेक दशकं पुनर्भरणापेक्षा जास्त चालला होता. २०१२ मध्ये राज्याने कायदा केला की स्थानिक शेतकऱ्यांनी स्वतः कपातीची योजना आणली तर राज्य तिला बंधनकारक करेल. २०१३ पासून शेरिडन-सिक्समधल्या शेतकऱ्यांनी ठरवलं: पाच वर्षांत मिळून शेतावर ५५ इंच उभं पाणी, आधीच्या वापरापेक्षा साधारण वीस टक्के कमी. पाच वर्षांची बेरीज एकत्र धरल्याने कोरड्या वर्षी जास्त आणि ओल्या वर्षी कमी, ही मोकळीक त्यांच्याच हातात. त्यांनी मक्याचं थोडं क्षेत्र ज्वारी-गव्हाकडे वळवलं आणि मातीतली ओल बघून पाणी द्यायला लागले. उत्पादन थोडं उतरलं, पण पंपाचा आणि बियाण्याचा खर्चही उतरला, त्यामुळे निव्वळ नफा कोसळला नाही. पाणीपातळीची घसरण मंदावली. मुदत संपल्यावर त्यांनीच योजना पुढे चालू ठेवली. याला फक्त लोकसहभाग म्हणू नका. तिथे विहिरींवर मीटर आधीपासून होते, वापराचा वार्षिक अहवाल कायद्याने सक्तीचा होता, आणि ठरलेलं मोडणाऱ्याला राज्याचा दंड होता. लोकांनी ठरवलं, राज्याने पाठीशी काठी धरली. यातलं एक काढलं की दुसरं लंगडं.

देशादेशांतल्या नद्यांकडे आलो की काठीच नसते, म्हणून तिथे करारातला एकेक शब्द महाग पडतो. १९४४ च्या त्याच अमेरिका-मेक्सिको तहात रिओ ग्रांदे नदीसाठी मेक्सिकोने दर पाच वर्षांच्या चक्रात साडेसतरा लाख एकर-फूट द्यायचं आहे, 'असाधारण दुष्काळ' असेल तर तूट पुढच्या चक्रात भरून काढायची. असाधारण म्हणजे किती? तहात व्याख्याच नाही. त्या एका विशेषणावर दोन्ही बाजू १९९० च्या दशकापासून भांडताहेत, आणि सप्टेंबर २०२० मध्ये चिवावा राज्यातल्या शेतकऱ्यांनी पाणी सोडू नये म्हणून ला बोकिया धरणाचा ताबाच घेतला. गंमत म्हणजे त्याच तहाखाली कोलोरॅडोसाठी २०१७ मध्ये पुरवणी करार झाला आणि मीडची पातळी उतरली की मेक्सिकोचीही ठरलेली कपात, असं आकड्यांत लिहिलं गेलं. तिथे शांतता आहे. तेच दोन देश, तोच तह. फरक इतकाच की एका नदीसाठी खूण ठरवली आणि दुसरीसाठी विशेषण.

नाईलचंही मूळ दुखणं हेच. १९५९ च्या करारात इजिप्तने ५५.५ आणि सुदानने १८.५ अब्ज घनमीटर वाटून घेतले, १० अब्ज बाष्पीभवनाचे धरले, सरासरी ८४ संपली. ज्या इथियोपियातून इजिप्तमधल्या अस्वानला पोचणारं सुमारे ८५ टक्के पाणी येतं, तो करारात नव्हताच. त्याने २०११ मध्ये ७४ अब्ज घनमीटर क्षमतेचं धरण बांधायला घेतलं, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन केलं. वृत्तपत्रांत वाद धरण भरण्याच्या वेगावर गाजला. वाटाघाटींत खरी अडलेली गाठ मात्र वेगळी होती: ओळीने काही कोरडी वर्षं आली तर वरून किती सोडायचं, आणि तो शब्द बंधनकारक की नाही.

सिंधू करार १९६० चा. त्यात पाणी वाटलं नाही, नद्या वाटल्या: पूर्वेकडच्या तीन भारताला, पश्चिमेच्या तीन मुख्यतः पाकिस्तानला. एकमेकांवरचा विश्वास शून्य असताना ही कल्पना हुशारीची होती, कारण रोज एकत्र हिशेब करायची गरजच उरली नाही. युद्धांतही तो टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. राजकारण बाजूला ठेवून अभियंता म्हणून बोलायचं तर त्यात भूजल नाही आणि बदलत्या हवामानासाठी जागा नाही, हे त्याचे जुने दोष आहेत.

आंतरराष्ट्रीय नद्यांतलं माझं लाडकं उदाहरण सेनेगल नदीचं. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संस्था काढली, गिनी २००६ मध्ये आला. त्यांची धरणं ज्या देशात उभी आहेत त्या देशाची नाहीत, सगळ्यांच्या सामायिक मालकीची आहेत. मालीतल्या मानांताली धरणाची वीज ५२ टक्के मालीला, ३३ सेनेगलला, १५ मॉरिटानियाला. आणि पाण्याचं वाटप देशवार नाही, वापरवार आहे: सिंचन, वीज, नौकानयन, पिण्याचं. देशाच्या नावाने खातंच नसल्याने 'आमचं पाणी चोरलं' म्हणायची सोय राहत नाही. याचीही किंमत होती. मुखाजवळच्या दियामा बंधाऱ्यामुळे खारं पाणी आत यायचं थांबलं, गोड्या पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामार्फत होणाऱ्या बिल्हार्झिया या परजीवी आजाराची साथ पसरली. पूर ओसरल्यावर ओल्या गाळात पेरणाऱ्यांची शेतीही आखडली. सरकारांचं जुळलं तरी काठावरच्यांचं जुळलंच असं नाही.

शहरांबद्दल थोडक्यात. केप टाउनने २०१८ मध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली आणि धरणं १३.५ टक्क्यांवर आली की नळ बंद करून २५ लिटर रांगेत वाटू, असं आधीच सांगून टाकलं. त्या 'डे झीरो'च्या तारखेने लोक घाबरले, पण शहराचा वापर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आला. त्यात फेब्रुवारीत जवळच्या शेतकऱ्यांच्या संघाने आपल्या धरणांतलं सुमारे १ कोटी घनमीटर शहराला सोडलं, हे सांगायचं लोक विसरतात. कंबोडियाची राजधानी नोम पेन्हमध्ये १९९३ साली शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के गळतीत आणि चोरीत जात होतं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख 'एक सोन चान' यांनी मीटर बसवले, बड्या लोकांचीही जोडणी तोडली, कर्मचाऱ्यांना शिस्त आणि बरा पगार दिला. काही वर्षांत हा आकडा सहा टक्क्यांच्या आसपास आला आणि पाणी चोवीस तास झालं. नवी धरणं शोधणाऱ्या शहरांनी आधी स्वतःचे पाइप तपासावेत असं मी म्हणतो ते यामुळे.

कायदा वाचून हुरळून जाऊ नका, हे मी शिकाऊ मुलांना बजावतो. दक्षिण आफ्रिकेचा १९९८ चा जलकायदा कागदावर अप्रतिम आहे. माणसाच्या मूलभूत गरजेचं आणि नदी जिवंत ठेवण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्याचं वाटप. कपातीचा क्रम यापेक्षा स्वच्छ कुणी लिहिला नसेल. पण तो राबवायला खोरेनिहाय १९ संस्था हव्या होत्या आणि कितीतरी वर्षं प्रत्यक्षात दोनच चालत होत्या. उलट चिलीच्या १९८१ च्या कायद्यात अडचण मजकुरातच होती. हक्क कायमचे, मुक्तपणे विकता येणारे, आणि टंचाईत मागे घ्यायची वाट मात्र जवळपास बंद. पेतोर्कामध्ये ॲव्होकॅडोच्या बागा हिरव्या आणि गावाला टँकर, हे दृश्य त्यातून आलं. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम मिळाला, नवे हक्क ३० वर्षांच्या मुदतीने द्यायचे ठरले. जुने हक्क मात्र बहुतांशी तसेच, आणि पाणी अडलंय ते जुन्यांतच.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. एकच खोरं निवडा, दहा नकोत. त्याच्या इतिहासातलं सर्वांत कोरडं वर्ष शोधा आणि फक्त त्या वर्षाचे कागद गोळा करा: धरणाच्या पातळ्या, सोडलेल्या पाण्याची वही, बैठकांची इतिवृत्तं, न्यायालयातले अर्ज. भरल्या वर्षाचे अहवाल सगळीकडे सारखेच दिसतात. कोरड्या वर्षी कुणाचं पाणी आधी तुटलं आणि कुणाचं तुटलंच नाही, हे दिसलं की त्या खोऱ्यात खरा अधिकार कुणाचा आहे ते कळतं, मग अधिनियमात काहीही लिहिलेलं असो. त्यानंतर त्याच वर्षाची मोजमापं कुठून आली ते तपासा. जमलं तर गेजपट्टीपर्यंत जाऊन या.

चालू घडामोडी हव्या असतील तर कोलोरॅडोवर लक्ष ठेवा. २००७ च्या त्या तक्त्याची मुदत २०२६ अखेर संपते. नव्या तक्त्यात दोन गोष्टी बघा: कपात अजून मीडच्या पातळीवरच टांगलेली आहे की नदीत प्रत्यक्ष आलेल्या प्रवाहाच्या हिश्श्यावर, आणि वरच्या राज्यांच्या नावापुढे काही आकडा आहे की रकाना रिकामाच आहे.